तीन जागी उभा असलेला थांबा

१

फलक सापडला. चोर कोणी निघालं नाही, अटक कोणालाही झाली नाही, आणि लिलाबाई सुई घ्यायला वेळेवर वाशीमला पोचली. एवढं सांगून झाल्यावर आता आपण असं धरून चालू, की यातलं काहीच घडलेलं नाही. कचेरीच्या दफ्तरानेही तसंच धरलं आहे, आणि दफ्तरापेक्षा जास्त शहाणपण दाखवायचं आपल्याला काही कारण नाही.

तर, फलक नाहीसा झाला होता.

१९७५च्या जानेवारीत, अकोला-वाशीम रस्त्यावर, मेडशी आणि मालेगावच्या मधे असलेला सावरखेडा फाट्याचा ‘विनंती थांबा’ खांबासकट गेला. अकरा वर्षं अर्ज करकरून मिळालेला तो थांबा जेमतेम वर्षभर उभा होता. थांबा म्हणजे काय, तर एक गोल पत्रा आणि त्याला पेलणारा लाकडी खांब. शेड नाही, बाक नाही. पत्रा दिसला तर गाडी थांबायची, नाही दिसला तर थांबायची नाही. नियम एवढाच होता, आणि त्यात माणसांचा उल्लेख नव्हता.

तपासाला जानराव इंगळेला पाठवलं. वय सव्वीस, हुद्दा फलक-लिपिक. अकोल्याच्या बस-कचेरीच्या जिन्याखालच्या टेबलावर बसून तो चारशे बारा फलकांची नोंद ठेवायचा. फलक वाकला, गंजला, कोणी त्यावर गोवऱ्या थापल्या, की वर कळवायचं. धनजहून अकोल्याला येऊन त्याला चार वर्षं झाली होती. एवढ्या काळात खोलीवर एकच पत्र आलं, तेही आधीच्या भाडेकरूचं. जानरावने ते दोनदा वाचलं.

साहेबांनी त्याला सांगितलं, की शुक्रवारपर्यंत फलक सापडला तर ठीक, नाहीतर थांबाच रद्द करू, तेवढीच एक फाईल कमी. आणि जाताजाता हेही बघ म्हणून दुसऱ्या एका तक्रारीचा कागद हातात दिला. ती तक्रार अकोला-हिंगोली गाडीचा चालक गोविंदसिंग याची होती. हा गोविंदसिंग नियमाचा फार पक्का. त्याने लिहिलं होतं: ‘पातूरच्या घाटात नवीन थांबा आढळला. धुके असल्याने फक्त फलक दिसला. नियमाप्रमाणे गाडी थांबविली. प्रवासी नव्हते, वानरे होती. दुसऱ्या दिवशी सदर ठिकाणी थांबा नव्हता. चार दिवसांनी तोच थांबा मेडशीच्या अलीकडे नाल्यावर आढळला. चालकाने काय समजावे?’

काय समजावे हे जानरावलाही समजलं नाही. त्याने कागद पिशवीत टाकला आणि बुधवारी सकाळी अकोला-वाशीम गाडीत बसला.

पातूरच्या घाटात इंजिन तापलं. गाडी अर्धा तास उभी राहिली. धुकं इतकं की खिडकीतून रस्त्याची कड दिसेना. मागून दुसरी एक गाडी आली आणि तीही थांबली. तिच्यातून कोणी उतरलं नाही, तिच्यात कोणी चढलं नाही. ही निघाली, तशी तीही निघाली. जानरावला वाटलं, बरं आहे, रस्त्यावर गाड्यांना तरी एकमेकींची सोबत असते. मग मेडशी येईपर्यंत तो टपावरची खडखड ऐकत बसला, कारण ऐकायला दुसरं काही नव्हतं.

मेडशी सुटल्यावर त्याने कंडक्टर लखीरामला सांगितलं, की मला सावरखेडा फाट्यावर उतरायचंय.

“तिथं फलक कुठी हाये?” लखीराम म्हणाला.

“तोच तर शोधायला चाललो.”

“मंग सापडला का सांगजा. थांबवतो.” आणि लखीरामने मालेगावचं तिकीट फाडलं.

मालेगावहून जानराव अडीच कोस उलटा चालत आला. फाट्यावर पोचल्यापासून तासाभरात त्याला तीन प्रामाणिक माणसं भेटली. तिघांनी फलक नेहमी कुठे उभा असायचा ते शपथेवर दाखवलं. आणि त्या तीन जागांमधे एकूण पाऊण कोसाचं अंतर होतं.

२

पहिला उकंडराव, सावरखेड्याचा पोलीस पाटील. गाव फाट्याला लागून, पाटलाचं घर गावाच्या तोंडाशी. त्याने जानरावला बसवलं, नाव विचारलं.

“इंगळे? इंगळे म्हंजे कोन्ते इंगळे?”

जानरावने कोणते ते सांगितलं. मग चहा आला. पाटलासाठी कपबशीत, जानरावसाठी काचेच्या ग्लासात. जानरावने तो शांतपणे प्यायला. तपासात निरीक्षण महत्त्वाचं असतं.

पाटलाचं म्हणणं असं, की फलक या बाभळीखालीच होता, गावासमोर, आणि नाहीसा व्हायच्या आधीच्या सोमवारी त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. नेला असेल तर तांड्याने. का म्हणून, असं विचारल्यावर पाटील म्हणाला, की तांड्याने नेला नसेल असं समजायला तरी काय आधार आहे.

मेडशीच्या बाजूला सहा फर्लांग पुढे बौद्धवस्ती. तिथे ग्यानबा भेटला. ग्यानबा मजूर माणूस, बोलणं मोजकं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे फलक वस्तीपुढच्या पुलाजवळ होता. त्याची बायको, ही लिलाबाई, त्याच आठवड्यात बुधवारी तिथूनच गाडीत बसली होती.

लिलाबाई उन्हात घोंगडीवर बसून होती. तिला क्षय होता. वाशीमच्या सरकारी दवाखान्यात रोज एक, अशा साठ सुया घ्यायच्या होत्या. पस्तीस झाल्या. दहा दिवसांपूर्वी फलक गेला तेव्हा ती चार दिवस मेडशीपर्यंत चालत गेली, तिथून गाडी धरली. पाचव्या दिवशी वाटेतच रक्त पडलं. मग सहा दिवस सुई नाही. तुरीच्या खळ्यांचे दिवस, गावातली एक बैलगाडी मोकळी नाही. डॉक्टरांनी निरोप पाठवला होता, की गुरुवारी आली तर पुढे चालू ठेवतो, नाहीतर सगळं पुन्हा पहिलीपासून. आणि पुन्हा पहिलीपासून साठ सोसण्याइतकी ती उरली आहे का, हे त्यांनी निरोपात लिहिलं नव्हतं.

गुरुवार म्हणजे उद्या.

जानरावने वहीत लिहिलं: ‘पूल.’ मग काही सुचेना म्हणून त्याखाली रेघ मारली.

आणखी सहा फर्लांगांवर तांडा. तांड्याचा नाईक खेमा, साठीचा माणूस, गुडघ्याला फडकं बांधलेलं. त्याने सांगितलं, की फलक तांड्यापुढे मोहाच्या झाडाशी होता आणि शनिवारी तर नक्कीच होता. एवढं बोलून तो गुडघा चोळत राहिला. जानरावने विचारलं, मग रविवारी? खेमा म्हणाला, रविवारचं काही सांगता येत नाही, रविवार लांब असतो.

इतका प्रामाणिक चेहरा आणि इतकं वाईट खोटं जानरावने एकत्र कधी पाहिलं नव्हतं.

३

तो पुलाच्या कठड्यावर येऊन बसला. त्याच्यापुढे तीन साक्षी होत्या. त्यातले दोघे खोटं बोलत असणार, हे सरळ होतं. पण कोणते दोघे? पाटील खोटं बोलला असता तर सफाईने बोलला असता. ग्यानबाला खोट्याने काही मिळत नव्हतं. आणि खेमाला खोटं बोलताच येत नव्हतं, हे त्याने नुकतंच दाखवलं होतं.

जानराव उठला आणि त्याने पुलाजवळची जमीन पाहिली. एक चपटा दगड होता. उचलला, तर खाली हातभर खोल खड्डा. काठ शेणामातीने लिंपलेला, जसा घरातला उंबरा लिंपतात. तो परत चालत तांड्याकडे गेला. मोहाच्या झाडाशी तसाच दगड, तसाच खड्डा. पुन्हा उलटा गावाकडे चालला. बाभळीखाली तिसरा.

एका फलकाला तीन खड्डे. चोरी झालेल्या वस्तूची इतकी काळजी चोरीच्या आधी कोणी घेत नाही.

मग त्याला साक्षी आठवल्या, पण जागा नव्हे, वार. पाटलाने सोमवार सांगितला. ग्यानबाने बुधवार. खेमाने शनिवार. तिघेही खरं बोलत होते.

तो वस्तीत परत आला तेव्हा लिलाबाई तशीच उन्हात होती. त्याने तिला विचारलं, की फलकाची पाळी कोणी लावली.

लिलाबाई हसली. हसण्याचा शेवट खोकल्यात झाला आणि तो संपायला वेळ लागला. “तुमाले तीन घंट्यात समजलं,” ती म्हणाली. “डायवरलोकायले सालभर नाई समजलं.”

हकीगत अशी होती. थांबा एक मंजूर झाला आणि वस्त्या तीन. मधोमध म्हणजे वस्तीपुढे लावावा, तर गाव म्हणालं, आम्ही वस्तीसमोर जाऊन उभं राहायचं का? गावापुढे लावावा, तर वस्ती म्हणाली, पाटलाच्या दारात ताटकळायला आम्ही काही देणं लागत नाही. तांड्याला कोणी विचारलंच नाही. मग विहिरीच्या पाण्याला लावतात तशी थांब्याला पाळी लावली. सोम-मंगळ गाव, बुध-गुरु वस्ती, शुक्र-शनि तांडा. माणसं एकमेकांकडे जायला तयार नव्हती, म्हणून थांबा जात होता. चालक बदलत राहायचे. पत्रा दिसला की ब्रेक लागायचा, मग तो झाडाखाली असो की पुलावर. लिलाबाई तेवढी सुईसाठी रोज फलक असेल तिथे जायची.

वार सात आणि वस्त्या तीन. रविवार उरला. दवाखाना बंद, गाडीची निकड कमी, म्हणून तो फलक परत न्यायचा दिवस. तांड्याने खांदा द्यायचा आणि गावाच्या खड्ड्यात नेऊन रोवायचा.

“आनि त्या रईवारी?” जानरावने विचारलं. दिवसभरात त्याच्या तोंडी पहिल्यांदा धनजचं बोलणं आलं होतं.

“त्या रईवारी तो निंघाला,” लिलाबाई म्हणाली. “पोचला नाई.”

४

सांज व्हायला आली होती. जानराव तिसऱ्यांदा तांड्यावर गेला. आता त्याला रस्त्यावरचे खडे ओळखीचे झाले होते. त्याने खेमापुढे बसून सगळं सांगितलं: खड्डे, पाळी, रविवार. आणि शेवटी सांगितलं, की साहेबांना चोर नको आहे, फलक हवा आहे. आणि फलकापेक्षा उद्याची गाडी जास्त हवी आहे, लिलाबाईला.

खेमाने पागोटं सोडलं, त्याच्या घडीतून एक चुरगळलेला कागद काढला आणि जानरावच्या हातात ठेवला.

“म्या चोरला नाई, साहेब,” तो म्हणाला. “म्या त्याचं तिकीट काढलं.”

लगेजचं तिकीट होतं. नग एक, खांब.

खेमाने जे सांगितलं ते जानरावने दोनदा सांगायला लावलं, कारण पहिल्यांदा त्याचा विश्वास बसला नाही. त्या रविवारी खेमाचा गुडघा सुजला होता. तांड्यातली तरणी माणसं ऊसतोडीला गेलेली. फलक घेऊन पाऊण कोस चालायचं कसं? खेमाने विचार केला, की गाडी तर तिकडेच जाते. तो फलक खांद्यावर धरून रस्त्याकडेला उभा राहिला. गाडी आली आणि थांबली. थांबणं भागच होतं, फलक तिथे होता. त्या दिवशीच्या कंडक्टरने खांब टपावर चढवून बांधला, तिकीट फाडलं. गाव आलं. खेमा म्हणाला, थांबवा. कंडक्टरने बाहेर डोकावून पाहिलं आणि म्हणाला, इथे फलक नाही. खेमा म्हणाला, फलक वर आहे. कंडक्टरने त्यावर प्रामाणिकपणे विचार केला, आणि सांगितलं की टपावर आहे ते लगेज, आणि लगेज म्हणजे थांबा नव्हे.

“त्याचं बी बराबर होतं,” खेमा म्हणाला.

गाडी मालेगावला थांबली. खेमा उतरला, पण त्या गुडघ्याने मागच्या शिडीपर्यंत पोचेतो घंटी वाजली आणि गाडी निघून गेली. वाशीमला कंडक्टर बदलला. त्यानंतरच्या प्रत्येकाने टपावर कचेरीचा फलक पाहिला आणि समजून चालला, की कुठेतरी न्यायचा असेल. कचेरीचा माल कचेरीच्या गाडीवर. त्यात विचारायचं काय?

पण तू कोणाला बोलला का नाहीस, असं जानरावने विचारलं.

“तांड्याच्या मान्साच्या हाती सरकारी खांब दिसला का पोलीस खांबाले काई इचारत नाईत.” खेमाने हात पुढे केला. “तिकीट वापस द्या. माह्यापाशी तेवढंच हाये.”

जानरावने तिकीट परत दिलं. मग त्याने पिशवीतून गोविंदसिंगचा कागद काढला आणि खेमाला वाचून दाखवला. घाटात धुक्यावर तरंगणारा फलक. वानरं. चार दिवसांनी नाल्यावर. गोविंदसिंगची हिंगोली गाडी रोज या वाशीम गाडीच्या मागे असायची. पुढची गाडी जिथे बंद पडेल, तिथे धुक्यातून फक्त वरचा पत्रा दिसायचा, आणि मागे गोविंदसिंग नियमाने थांबायचा. आज सकाळी घाटातही थांबला होता. जानरावला तेव्हा ती सोबत वाटली होती.

आणि ती खडखड. तीन तास तो हरवलेल्या थांब्याच्या बरोबर खाली बसून, हरवलेला थांबा शोधायला चालला होता.

दहा दिवस सावरखेड्याचा थांबा सावरखेड्यावरून रोज दोनदा जात होता. लिलाबाईने ज्या गाडीला हात दाखवला, जी थांबली नाही, तिच्याच डोक्यावर तो होता.

आता सगळं उलगडलं होतं. फक्त एक गोष्ट राहिली होती. उद्या फलक उतरवायला गाडी थांबली पाहिजे, आणि फलक असल्याशिवाय गाडी थांबत नाही.

५

मेडशीला जाऊन उतरवता आला असता. पण मेडशीहून फलक खांद्यावर आणेपर्यंत गाडी वाशीमला पोचली असती, आणि लिलाबाई इथेच. त्याच गाडीत ती बसायला हवी होती. म्हणून जानरावने ठरवलं, की सगळ्यांनी मिळून रस्त्यावर उभं राहायचं आणि आपण सरकारी माणूस म्हणून हात दाखवायचा. त्या रात्री तो ग्यानबाकडे जेवला. भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी. पाहुण्याला आग्रह करायचा असतो हे तो विसरून गेला होता. दोन वेळा त्याने उगाच नको म्हणून पाहिलं, पुन्हा आग्रह होतो का ते बघायला. झाला.

गुरुवारी सकाळी धुक्यात सगळे जमले, पण तीन ठिकाणी. गाव बाभळीखाली, तांडा मोहाशी, वस्ती पुलावर. जानरावने निरोप्यासारख्या चकरा मारून त्यांना कसंबसं पुलाच्या जवळपास आणलं. तिथे वाद सुरू झाला. पाटील म्हणाला, मंजूर थांबा गावाच्या नावावर आहे, गाडी गावापुढे थांबवा. वस्ती म्हणाली, आज गुरुवार, आमची पाळी. खेमा पाटलाला पाहून मागेच उभा राहिला. पाटील म्हणाला, की पाळी फलकाची असते, फलकच नाही तर पाळी कसली. आणि हे इतकं बिनतोड होतं की जानरावलाही क्षणभर पटलं. त्याने वही काढली, नियम सांगायला लागला. चाळीस माणसं बोलत होती.

दुरून गाडीचा आवाज आला. आवाज आल्यावर वाद वाढला.

लिलाबाई कठड्यावर बसली होती. ती उठली, घोंगडी खांद्यावर घेतली आणि कोणाला काही न सांगता रस्त्याच्या मधोमध जाऊन डांबरावर बसली. तोंड मेडशीकडे. तिच्या आजूबाजूला कोणी नव्हतं. धुक्यात ती एखाद्या टाकून दिलेल्या गाठोड्यासारखी दिसत होती.

वाद थांबला. ग्यानबा धावला, पण तोवर गाडीचे दिवे धुक्यातून बाहेर आले होते. ब्रेक लागले. गाडी तिरपी होत होत तिच्यापासून चार हातांवर उभी राहिली. टपावर, दोरीने बांधलेला, गोल पत्रा डुलत होता.

लखीराम खाली उतरला. तो घाबरला होता, म्हणून रागावला. “बाई, इथं थांबा नाई,” तो म्हणाला.

लिलाबाईने मान वर केली. टपाकडे तिने पाहिलंही नाही.

“थांबा नसंन,” ती म्हणाली. “म्या हाव ना.”

लखीरामला यावर नियम सापडला नाही. मागे आणखी एका गाडीचे ब्रेक लागले. गोविंदसिंग नियमाप्रमाणे थांबला होता, आणि बहुधा जागा टिपून घेत होता.

ग्यानबाने तिला उचलून गाडीत बसवलं, स्वतः शेजारी बसला. तांड्याच्या दोन पोरींनी टपावर चढून दोरी सोडली, पाटलाच्या माणसाने खालून खांब झेलला. आज गुरुवार, तेव्हा तो पुलाजवळच्या खड्ड्यात उभा राहिला. त्यासाठी पुन्हा वाद झाला नाही. सगळे खिडकीकडे पाहत होते. गाडी गेली. छत्तिसावी सुई.

मग गाव गावाकडे गेलं, तांडा तांड्याकडे, वस्ती कामाला. अकोल्याकडे परतीची गाडी संध्याकाळी होती. जानराव फलकाखाली एकटाच उरला. चारशे बारा फलकांची नोंद ठेवणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या फलकाखाली इतका वेळ उभा होता. मग कठड्यावर बसून त्याने वही गुडघ्यावर घेतली.

खरं लिहिलं असतं तर खेमावर सरकारी माल हलवल्याचा खटला, आणि थांबा जागेवर राहत नाही म्हणून थांबा रद्द. दुपारपर्यंत त्याने तीन कागद फाडले. चौथा साहेबांकडे गेला, आणि तो असा होता:

‘सावरखेडा फाटा येथील विनंती थांब्याची समक्ष पाहणी केली. फलक मंजूर ठिकाणी सुस्थितीत उभा आहे. तो गहाळ झाल्याची तक्रार गैरसमजातून झालेली दिसते. सबब प्रकरण बंद करावे. चालक गोविंदसिंग यांनी पाहिलेला थांबा धुक्यामुळे दिसला असावा.

तसेच मा. साहेबांच्या विचारार्थ नम्रपणे सादर करण्यात येते की, यापुढे या मार्गावरील गाड्या फलक पाहून न थांबविता माणूस पाहून थांबविण्याचे आदेश व्हावेत, आणि माणूस एकच असल्यासही सदर सवलत लागू राहावी, ही विनंती.’